ओमाहाची वाट: अमेरिकेतली कॉलेज बेसबॉल स्पर्धा पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

जूनच्या मध्यावर नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात आठ कॉलेज संघ जमतात आणि दहा-अकरा दिवसांत त्यांतला एक देशाचा विजेता ठरतो. हीच मेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था ती भरवते. पहिली स्पर्धा १९४७ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू इथे झाली. तिच्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाने येलला हरवलं, आणि येलच्या पहिल्या बेसवर खेळत होते पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश. १९५० पासून स्पर्धा ओमाहातच होते. २०२० साली कोविडमुळे ती झाली नाही, एवढाच खंड.

शिकागो, कॅन्सस सिटी, डे मॉइन किंवा मिनियापोलिसच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही स्पर्धा गाडीने गाठता येते. भारतातून बघणाऱ्यांनाही ती अवघड नाही, फक्त झोपेचं गणित बदलावं लागतं. क्रिकेट कळणाऱ्या माणसाला बेसबॉलचे नियम दोन-तीन सामन्यांत समजतात. अडतं ते स्पर्धेच्या रचनेपाशी: कोण का खेळतंय, हरलेला संघ पुन्हा मैदानात कसा, आणि काल अप्रतिम खेळलेला पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) आज बाकावर का बसलाय. हे तीन प्रश्न सुटले की बाकी सगळं आपोआप उलगडतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

पायरी १: नाव नीट वाचा

तिकीट काढण्याआधी हे करायचं. याच सुमारास ओक्लाहोमा सिटीत विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज होते. ती मुलींच्या सॉफ्टबॉलची स्पर्धा आहे आणि स्वतःच्या जागी फार उत्तम आहे, पण शहर वेगळं, खेळ वेगळा. त्याशिवाय दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची वर्ल्ड सिरीज कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला होते. एनसीएएच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डिव्हिजनच्या अंतिम स्पर्धा तर आणखी वेगळ्या ठिकाणी होतात. ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ एवढंच शोधून पहिल्या दुव्यावर पैसे भरले की घोळ होतो. तिकिटावर ‘मेन्स’, ‘ओमाहा’ आणि ‘चार्ल्स श्वाब फील्ड’ हे तिन्ही शब्द दिसले पाहिजेत.

पायरी २: कॅलेंडर मांडून घ्या

नियमित हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि एका संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे मेमोरियल डेला, निवड समिती ६४ संघ जाहीर करते. यातले तीसच्या आसपास संघ आपापल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे कॉलेजांच्या साखळीगटाचे, विजेते म्हणून थेट येतात. उरलेले समिती हंगामातल्या कामगिरीवरून निवडते. पहिल्या १६ संघांना राष्ट्रीय सीड, म्हणजे मानांकन, मिळतं आणि साधारणपणे तेच पहिल्या फेरीचे यजमान असतात.

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी रीजनल सुरू होतात: १६ गावं, प्रत्येक गावात चार संघ. त्यापुढच्या शुक्रवार-शनिवारपासून सुपर रीजनल: आठ ठिकाणी दोन-दोन संघ, तीन सामन्यांत दोन जिंकेल तो पुढे. मग उरलेले आठ संघ ओमाहाला येतात. ६४ संघ आणि सुपर रीजनल ही रचना १९९९ पासूनची आहे. अंतिम फेरी तीन सामन्यांची झाली २००३ पासून. त्याआधी, १९८८ पासून, एकाच सामन्यात निकाल लागायचा, म्हणूनच १९९६ चा वॉरन मॉरिसचा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा भिंतीपार फटका) लोक अजून सांगतात: शेवटची इनिंग, दोन आउट, संघ एका रनने मागे, आणि त्या एका फटक्यावर एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) मायामीला ९-८ असं हरवून विजेतेपद घेतलं.

पायरी ३: डबल एलिमिनेशन कागदावर सोडवून पाहा

नवखा प्रेक्षक इथे हरवतो. रीजनलमध्ये आणि ओमाहातल्या पहिल्या टप्प्यात एक पराभव झाला म्हणून संघ बाहेर जात नाही, दुसऱ्या पराभवानंतर जातो. कोरा कागद घ्या आणि चार संघ लिहा: अ, ब, क, ड.

पहिल्या दिवशी अ विरुद्ध ब आणि क विरुद्ध ड. समजा अ आणि क जिंकले. आता हरलेले ब आणि ड आपसांत खेळतात आणि यात जो हरेल तो घरी जातो, कारण त्याचे दोन पराभव झाले. जिंकलेले अ आणि क एकमेकांशी खेळतात. समजा अ जिंकला. अ आता निवांत बसतो. क चा एक पराभव झालाय, म्हणून तो ब-ड सामन्यातल्या विजेत्याशी खेळतो आणि तिथेही हरणारा बाहेर. यातून जो टिकेल त्याला अ ला दोनदा हरवावं लागतं. अ ला मात्र एकदाच जिंकायचं असतं.

चार संघांत विजेता ठरवायचा म्हणजे तीन संघांचे प्रत्येकी दोन पराभव, म्हणजे किमान सहा सामने. अ एकदा हरला तर सातवा. या सातव्या सामन्याच्या पुढे वेळापत्रकात ‘आवश्यक असल्यास’ असं लिहिलेलं असतं. तिकीट घेताना हा शब्द बघायचा. सामना झालाच नाही तर त्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण हॉटेलचे आणि विमानाचे मिळत नाहीत.

ओमाहात आठ संघांचे असे दोन गट असतात. दोन गटविजेते मग तीन सामन्यांची अंतिम फेरी खेळतात. सगळे मिळून १४ ते १७ सामने होतात. गटातला पराभव अंतिम फेरीत मोजला जात नाही, तिथे पाटी कोरी. म्हणूनच एकूण दोन सामने हरलेला संघही विजेता होऊ शकतो.

एक न हरता सगळं जिंकणाऱ्या संघाला रीजनलमध्ये ३, सुपर रीजनलमध्ये २, ओमाहाच्या गटात ३ आणि अंतिम फेरीत २ असे १० विजय लागतात. रीजनलचा पहिलाच सामना हरणाऱ्याला तिथून निघायलाच सलग चार विजय हवेत, आणि तेही तीन दिवसांत. शनिवारी एक, रविवारी दोन, सोमवारी एक. कागदावर हे जमण्यासारखं दिसतं. मैदानात का जमत नाही, ते पुढच्या पायरीत.

पायरी ४: पिचरचा हिशेब ठेवा

या स्पर्धेत चलन एकच आहे: ताजे हात. हा हिशेब ज्याला कळला त्याला निम्मे निकाल आधीच दिसतात.

कॉलेजमध्ये हंगामभर मालिका शुक्रवार, शनिवार, रविवार अशी असते. त्यामुळे प्रत्येक संघाचे तीन मुख्य सुरुवातीचे पिचर असतात आणि ते आठवड्यातून एकदाच फेकतात. सगळ्यात चांगला तो ‘शुक्रवारवाला’. तो साधारण ९० ते ११० चेंडू टाकतो आणि पुढचे सहा दिवस हात सावरतो. स्पर्धेत मात्र सामने अंगावर येतात. जिंकत राहणाऱ्या संघाला तीन सामन्यांना तीन पिचर पुरतात. एकदा हरला की चौथा आणि पाचवा सामना वाढतो, आणि तिथे एरवी मंगळवारच्या किरकोळ सामन्यात खेळणाऱ्या पोराला बाद फेरीत उतरवावं लागतं. पहिल्या पराभवाची खरी किंमत ही. ती दोन दिवसांनी, सातव्या इनिंगमध्ये वसूल होते.

वहीत किंवा फोनवर प्रत्येक संघासाठी तीन रकाने करा: पिचरचं नाव, तारीख, टाकलेले चेंडू. चेंडूंचा आकडा थेट प्रक्षेपणात आणि प्रत्येक सामन्याच्या बॉक्स स्कोअरमध्ये (आकडेवारीच्या तक्त्यात) मिळतो. मग ढोबळ अंदाज असे लावायचे. शंभराच्या वर टाकलेला पिचर चार-पाच दिवस धरायचा नाही. मधेच येऊन ३० ते ४० चेंडू टाकलेला एक-दोन दिवस विश्रांती घेतो. १५ चेंडू टाकलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकतो, तिसऱ्या दिवशी आला तर त्याचा वेग बघा. नेहमीपेक्षा मैल-दोन मैल कमी आणि चेंडू प्लेटवरून (फलंदाजासमोरची जमिनीतली पाटी) जास्त उंचावरून जायला लागले, की तो थकलाय. अशा वेळी डगआउटकडे (खेळाडूंच्या बाकाकडे) किंवा बुलपेनकडे (पिचर सराव करतात त्या जागेकडे) नजर टाकली तर दुसरा पिचर हात गरम करताना दिसतो. चेंडूंच्या संख्येचं बंधन नियमात नाही, सगळं कोचच्या विवेकावर आहे. त्यामुळे जूनमध्ये या विषयावर दरवर्षी वाद होतात, आणि मुलांच्या खांद्या-कोपरांचा विचार केला तर ते व्हायलाच हवेत.

२०२३ चा एलएसयूचा प्रवास हा या हिशेबाचा सर्वांत चांगला धडा आहे. १७ जूनला पॉल स्कीन्स या त्यांच्या हुकमी पिचरच्या जोरावर त्यांनी टेनेसीला ६-३ हरवलं. १९ ला वेक फॉरेस्टकडून २-३ असा पराभव. आता २०, २१ आणि २२ अशा तीन दिवसांत तीन सामने, आणि एकही हरायचा नाही. २० ला टेनेसीवर ५-०, २१ ला वेक फॉरेस्टवर ५-२. स्कीन्सला या दोन्ही दिवशी हात लावला नाही. २२ ला, चार दिवसांच्या विश्रांतीनंतर, त्याला उतरवलं. समोर वेक फॉरेस्टचा रेट लाउडर होता. स्कीन्सने ८ इनिंगमध्ये १२० चेंडू टाकून एकही रन दिला नाही. सामना अकराव्या इनिंगपर्यंत ०-० राहिला आणि एलएसयूच्या टॉमी व्हाइटच्या होमरनने २-० संपला. मधले दोन सामने बाकीच्या पिचरनी सांभाळले म्हणून हा सामना शक्य झाला, हे स्कोअरबोर्डवर दिसत नाही. वहीत दिसतं.

अंतिम फेरीत समोर फ्लोरिडा होता. गटात तीनच सामने खेळून, एकही न हरता आलेला, म्हणजे विश्रांतीत पुढे. पहिला सामना एलएसयूने ४-३ जिंकला. दुसऱ्यात फ्लोरिडाने २४-४ अशी धूळधाण उडवली. क्रिकेटमध्ये नेट रनरेट सांभाळायची सवय असलेल्यांना वाटेल की आता संपलं. इथे २० रनांनी हरणं आणि एका रनने हरणं सारखंच. उलट सामना हातचा गेला हे दिसल्यावर हुशार कोच आपले चांगले पिचर झाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी एलएसयूने १८-४ जिंकून विजेतेपद घेतलं. स्कीन्स अंतिम फेरीत एकही चेंडू न टाकता स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

एकतर्फी सामना दिसला की टीव्ही बंद करू नका. कोण फेकतंय आणि कोण मुद्दाम बसवलंय, ते टिपा. उद्याचा सामना त्यातच लिहिलेला असतो.

पायरी ५: कॉलेजच्या खेळातले फरक

मेजर लीग पाहिलेल्यांना इथे काही गोष्टी वेगळ्या दिसतील. सर्वांत आधी आवाज. बॅट लाकडी नसून धातूची किंवा कंपोझिटची असते, त्यामुळे चेंडू लागल्यावर ‘टणत्’ असा आवाज येतो. २०११ पासून या बॅटींवर बीबीकोर नावाचं मानक आहे. बॅटवरून चेंडू किती उसळावा यावर ते मर्यादा घालतं. बॅटची लांबी इंचांत आणि वजन औंसांत धरलं तर त्यांच्यातला फरक तीनपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे ३३ इंची बॅट किमान ३० औंसांची. २०१५ पासून चेंडूची शिवण बसकी केली, कारण मधल्या काळात होमरन फारच आटले होते.

सामना नऊ इनिंगचा. बरोबरी झाली तर दुसऱ्या बेसवर फुकटचा धावक मिळत नाही, निकाल लागेपर्यंत खेळायचं. २००९ च्या ऑस्टिन रीजनलमध्ये टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज २५ इनिंग, सात तासांहून जास्त खेळले आणि टेक्सासने ३-२ असा विजय मिळवला. परतीचं विमान त्याच रात्रीचं ठेवू नका, असं म्हणतो ते यासाठी.

एकदा बदललेला खेळाडू परत येत नाही. ओमाहात ‘होम’ संघ कोणाच्याही घरचा नसतो. फक्त शेवटी बॅटिंग कोणाची हे त्यावरून ठरतं, आणि अटीतटीच्या सामन्यात तो मोठा फायदा आहे.

पायरी ६: मैदान आणि वारा

चार्ल्स श्वाब फील्ड २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव टीडी अमेरिट्रेड पार्क होतं. त्याआधी साठ वर्षं स्पर्धा रोझेनब्लाट स्टेडियममध्ये व्हायची. ते पाडलं गेलं, पण त्या जागी, हेन्री डूरली प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, जुन्या मैदानाच्या इनफिल्डची आठवण जपलेली आहे. सकाळचा वेळ असेल तर जरूर जाऊन या.

नव्या मैदानात २४ हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात. दोन्ही कडांना भिंत ३३५ फुटांवर, मधल्या पट्ट्यांत ३७५ फुटांवर आणि सेंटरला ४०८ फुटांवर आहे. मैदान आग्नेयेकडे तोंड करून आहे आणि जूनमध्ये ओमाहात दक्षिणेकडून वारा येतो, म्हणजे बहुतेक वेळा फलंदाजाच्या तोंडावर. एरवी सहज पार झाला असता असा फटका इथे भिंतीपाशी झेलबाद होतो. त्यामुळे इथे पिचिंग, वेगवान आउटफिल्डर, बंट (बॅट नुसती लावून हळूच टाकलेला चेंडू) आणि दोन खेळाडूंच्या मधून जमिनीलगत मारलेले फटके यांना भाव आहे. घरच्या लहान मैदानावर होमरनवर जगलेला संघ इथे येऊन गोंधळतो. सामना सुरू होण्याआधी आउटफिल्डचे झेंडे बघा. ते प्लेटकडे फडफडत असतील तर कमी रनांचा सामना धरा. बाहेरच्या दिशेला असतील आणि हवा दमट-गरम असेल तर धावांचा पाऊस पडू शकतो.

पायरी ७: तिकीट

तिकिटं दोन प्रकारची. राखीव आसन म्हणजे क्रमांक ठरलेला. जनरल ॲडमिशन म्हणजे आउटफिल्डमधल्या बाकांवर, जो आधी येईल त्याची जागा. पहिल्यांदा जाणाऱ्याने गटातला सामना आउटफिल्डमधून आणि दुसरा एखादा राखीव आसनावरून बघावा, असा आमचा सल्ला. आउटफिल्डमध्ये गर्दीची मजा कळते. पिचरचा चेंडू कसा वळतो ते कळायला मात्र प्लेटच्या मागे बसावं लागतं.

राखीव तिकिटं विक्रीला येतात तेव्हा कोणते आठ संघ येणार हे माहीत नसतं. म्हणून ठरावीक संघासाठी जायचं असेल तर सुपर रीजनल संपेपर्यंत थांबा आणि अधिकृत पुनर्विक्रीतून घ्या. एलएसयू, आर्कान्सा, टेनेसी अशा मोठा चाहतावर्ग असलेल्या दक्षिणेकडच्या संघांच्या सामन्यांना भाव चढतो. असा संघ बाहेर पडला की त्याचे चाहते पुढची तिकिटं विकायला काढतात आणि भाव उतरतो. दुपारचे बाद सामने सहसा सगळ्यांत स्वस्त असतात आणि खेळ त्यांत कमी नसतो. २०२५ मध्ये मरी स्टेटविरुद्धच्या अशाच एका बाद सामन्यात आर्कान्साच्या गेज वुडने १९ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही. कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये १९६० नंतर प्रथमच हे घडलं.

प्रत्येक सामन्याला वेगळं तिकीट लागतं. दुपारचं तिकीट संध्याकाळी चालत नाही, मधे स्टेडियम रिकामं करतात. तिकीट फोनवर असतं. दारापाशी गर्दीत नेटवर्क रडतं, म्हणून हॉटेलवरून निघतानाच ते फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा.

ओमाहा महाग वाटलं तर रीजनलचा विचार करा. १६ गावांपैकी एखादं जवळ असू शकतं आणि तीन-चार दिवसांत सहा-सात सामने बघायला मिळतात. फक्त यजमान कोण हे बघा. नॅशविलमधलं व्हँडरबिल्टचं हॉकिन्स फील्ड छोटं आहे, तिथली बहुतेक तिकिटं आधीच हंगामी तिकीटधारकांकडे जातात. मिसिसिपी स्टेटच्या डडी नोबल फील्डवर मात्र २०२३ मध्ये एका सामन्याला १६,४२३ प्रेक्षक आले होते. भारतीय वाचकांसाठी जोडून सांगण्यासारखं: याच हॉकिन्स फील्डवर २०१९ च्या सुपर रीजनलमध्ये कुमार रॉकरने ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउटचा नो-हिटर टाकला होता. त्याची आई भारतीय वंशाची. त्याच वर्षी व्हँडरबिल्ट ओमाहात जिंकला आणि कुमार सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पायरी ८: पोहोचणं आणि राहणं

गाडीने डे मॉइनहून दोन तास, कॅन्सस सिटीहून तीन, मिनियापोलिसहून साडेपाच-सहा, शिकागोहून सात तास. विमानाने आलात तर एप्ली विमानतळ स्टेडियमपासून अगदी जवळ आहे, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं.

स्पर्धेच्या काळात मधल्या ओमाहातल्या हॉटेलांचे भाव भरमसाट चढतात. दोन पर्याय आहेत. एक, मिसुरी नदीपलीकडचं आयोवा राज्यातलं काउन्सिल ब्लफ्स. तिथल्या नदीकाठच्या बागेपाशी गाडी लावून बॉब केरी पादचारी पुलावरून चालत या. पूल सुमारे ३,००० फूट लांब आहे आणि पलीकडे उतरल्यावर स्टेडियम चालण्याच्या टप्प्यात येतं. दोन, तासाभरावरचं लिंकन. रद्द करता येईल अशीच खोली घ्या, कारण ‘आवश्यक असल्यास’ दिवस तुमचा कार्यक्रम केव्हाही बदलतील.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, संघांचा सराव लोकांना मोफत बघता येतो आणि खेळाडू सह्या देतात. मुलं बरोबर असतील तर हा दिवस चुकवू नका. स्टेडियमबाहेर खांद्यावर साथीदाराला उचलून घेतलेल्या खेळाडूंचं ‘रोड टू ओमाहा’ हे जॉन लाय्बा यांचं शिल्प आहे. फोटोसाठी तिथे रांग लागते, म्हणून सकाळी जा.

पायरी ९: सामन्याचा दिवस

पारदर्शक पिशवीचा नियम कडक आहे: १२ बाय १२ बाय ६ इंचांची पारदर्शक पिशवी किंवा तळहाताएवढं पाकीट. पाठीवरची सॅक घेऊन आलात तर परत गाडीपर्यंत पायपीट. टोपी, सनस्क्रीन, पातळ रेनकोट घ्या. छत्री मागच्याचा सामना बुडवते.

दुपारी तापमान सहज ३० अंशांवर जातं. मैदानाच्या दिशेमुळे प्लेटमागचे आणि पहिल्या बेसकडचे स्टँड आधी सावलीत येतात. आउटफिल्डच्या बाकांवर सूर्य संध्याकाळीही डोळ्यांवर असतो, आणि जूनमध्ये इथे नऊच्या सुमारास मावळतो. लहान मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर थोडे जास्त पैसे देऊन सावलीची जागा घ्या.

नेब्रास्कातली जूनमधली वादळं खरी असतात. आसपास वीज दिसली की खेळ थांबतो, सगळ्यांना आत आसऱ्याला जायला सांगतात आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं मोजली जातात. तेवढ्यात पुन्हा चमकली तर मोजणी पहिल्यापासून. दुपारचा सामना असा लांबला की संध्याकाळचा रात्री उशिरा सुरू होतो किंवा दुसऱ्या दिवसावर जातो. तिकीट फेकू नका, घोषणा ऐकत राहा. लांबलेला खेळ पिचरच्या हिशेबातही नोंदवा: दोन तास थंड झालेला हात कोच सहसा पुन्हा वापरत नाही, म्हणजे तो पिचर वाया गेला.

हातात स्कोअरकार्ड ठेवा. जागांचे आकडे पाठ करायला दहा मिनिटं लागतात: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा, ५ तिसरा, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट, ८ सेंटर, ९ राइट. ‘६-४-३’ म्हणजे शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर: दोन आउट. के म्हणजे स्ट्राइकआउट. तीन इनिंग लिहून काढल्या की नजर आपोआप योग्य जागी जायला लागते.

पायरी १०: भारतातून बघताना

ओमाहा भारतापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिथे दुपारी १ म्हणजे इथे रात्री ११.३०, आणि तिथे संध्याकाळी ६ म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३०. संघनिवडीची घोषणा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी १२ ला होते, म्हणजे इथे सोमवारी रात्री ९.३० ला. वेळापत्रकात बहुधा पूर्व किनाऱ्याची वेळ छापलेली असते आणि ती ओमाहाच्या एक तास पुढे असते. हा एक तास विसरल्यामुळे पहिल्या दोन इनिंग हुकतात. अमेरिकेत प्रक्षेपण ईएसपीएनच्या वाहिन्यांवर असतं.

सगळं बघणं शक्य नसेल तर आधी बॉक्स स्कोअर वाचून पिचरची वही भरा आणि गटांच्या शेवटच्या सामन्यांपासून पहाटे उठायला लागा. अंतिम फेरी ओमाहाच्या शनिवार, रविवार आणि गरज पडली तर सोमवारी असते. शनिवारचा आणि सोमवारचा सामना संध्याकाळचा धरा. रविवारचा अनेकदा दुपारी होतो, तो इथे रविवारी मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतो. तिसरा सामना लागला तर मंगळवारी पहाटे साडेचार-साडेपाचचा गजर लावा आणि ऑफिसला थोडं उशिरा येईन म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा.